भुताटकीच्या स्थळांची हौस आणि मोमिनाचे भय



मागील काही वर्षांत आपल्या तरुणांमध्ये एक नवी हौस रुजू लागली आहे. ज्या ठिकाणी भुताटकी आहे असे लोक म्हणतात, तेथे मुद्दाम रात्री जायचे, काही वेळ थांबायचे, मोबाइलवर चित्रण करायचे आणि ते यूट्यूबवर किंवा रील म्हणून इतरांना दाखवायचे, असे या हौसेचे स्वरूप आहे. पुण्याचा शनिवारवाडा, राजस्थानातील भानगढचा किल्ला, सुरतजवळचा डुमसचा समुद्रकिनारा ही नावे या संदर्भात देशभर प्रसिद्ध आहेत. खानदेशातील मुलांना डुमस फार दूर नाही. भुसावळ-सुरत रेल्वेमार्गावरील जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार या गावांतील माणसे रोजगारासाठी सुरतेस जातच असतात. उत्तरेस रावेर ओलांडले की बऱ्हाणपूर आणि असीरगड लागतो. इतके दूर जाण्याची ऐपत नसेल, तर पडकी गढी, ओस वाडा किंवा गावाबाहेरचे स्मशान प्रत्येक तालुक्यात आहेच.

घरातील वडीलधारी मंडळी या हौसेकडे दोन दृष्टींनी पाहतात. काहींना ती निव्वळ पोरखेळ वाटते. वय आहे, फिरून येतील, असे म्हणून ते सोडून देतात. काहींना मुलाला तेथून ‘काहीतरी लागेल’ अशी धास्ती वाटते, आणि तो परतल्यावर ते आधी ताविजाचा शोध घेतात. तरुणांचे स्वतःचे म्हणणे आणखी वेगळे असते. आम्ही भित्रे नाही, आम्ही अंधश्रद्धा खोटी ठरवायला जातो, असे ते सांगतात. या तिन्ही भूमिका कुरआन आणि सुन्नतच्या प्रकाशात तपासून पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

ओसाड वास्तू पाहण्यास मनाई नाही

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पडक्या, निर्जन वास्तू पाहणे हे मुळातच इस्लामविरोधी आहे, असे नाही. उलट पृथ्वीवर संचार करा आणि पूर्वीच्या लोकांचा शेवट कसा झाला ते पहा, असे आवाहन कुरआनने अनेक ठिकाणी केले आहे. सूरह हजच्या ४५ आणि ४६ क्रमांकाच्या आयतींमध्ये तर छपरांवर कोसळलेल्या वस्त्यांचा, कोणी पाणी न भरणाऱ्या ओस विहिरींचा आणि उंच भक्कम महालांचा उल्लेख आहे. या वास्तूंमधून फिरूनही माणसाला समजणारे हृदय आणि ऐकणारे कान का लाभत नाहीत, असा प्रश्न तेथे विचारलेला आहे. आंधळी होतात ती डोळे नव्हेत, तर छातीतील हृदये आंधळी होतात, असा त्या आयतीचा समारोप आहे.

वाचकहो, ओस विहीर आणि रिकामा महाल, ही तर नेमकी तीच स्थळे आहेत जेथे आपली मुले मध्यरात्री टॉर्च घेऊन जातात. जागा तीच आहे, पण जाण्याचे प्रयोजन बदलले आहे. कुरआन माणसाला तेथे बोध घेण्यासाठी, म्हणजे इबरतीसाठी नेतो, तर ही हौस त्याला थरारासाठी नेते.

हिज्रच्या खोऱ्यातील शिकवण

या विषयावर प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील एक प्रसंग थेट मार्गदर्शन करतो. हिजरी सन ९ मध्ये, म्हणजे इ. स. ६३० मध्ये, तबूकच्या मोहिमेवर जाताना सैन्याचा मार्ग हिज्रच्या खोऱ्यातून गेला. डोंगर कोरून घरे करणाऱ्या समूद जमातीची ही भूमी. हजरत सालेह (अ.) यांना नाकारल्यामुळे आणि उंटिणीचा वध केल्यामुळे त्यांच्यावर प्रकोप आला होता. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या कथनानुसार, ज्यांनी स्वतःवर अत्याचार केला त्यांच्या घरांत रडत रडतच प्रवेश करा, रडू येत नसेल तर प्रवेशच करू नका, अशी सूचना प्रेषितांनी (स.) दिली. त्यानंतर त्यांनी आपले मस्तक झाकून घेतले आणि ते खोरे ओलांडेपर्यंत वेग वाढवला. तेथील विहिरींचे पाणी काही साथीदारांनी आधीच भरले होते व त्यात पीठही मळले होते. ते पाणी ओतून द्यावे, पीठ उंटांना खाऊ घालावे आणि ज्या विहिरीवर उंटीण पाणी पीत असे तेथूनच पाणी घ्यावे, असे त्यांनी सांगितले. ही कथने बुखारी आणि मुस्लिम या संग्रहांत आहेत.

या प्रसंगातील बारकावा लक्षात घ्या. त्या खोऱ्यात भुते आहेत, ती तुम्हाला झपाटतील, असे प्रेषितांनी (स.) म्हटले नाही. भय होते ते अल्लाहच्या प्रकोपाचे आणि आपणही त्याच वाटेने जाऊ या शक्यतेचे. म्हणूनच तेथे हसणे, रेंगाळणे, पडाव टाकणे योग्य नव्हते. आज ही जागा सौदी अरेबियात अल-उलाजवळ असून २००८ साली युनेस्कोने तिचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. जगभरचे प्रवासी तेथील कोरीव दगडी दर्शनी भाग पाहावयास जातात. मोमिनाने तेथे जावे की नाही याबाबत विद्वानांमध्ये चर्चा असली, तरी कोणत्या मनाने जावे याबाबत हदीसने संदिग्धता ठेवलेली नाही.

आपल्या थाळनेरकडे पाहू या

प्रत्येक जुनी वास्तू प्रकोपाची जागा नसते, हे खरे. पण बोध सर्वत्र असतो. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी थाळनेर हे गाव आहे. इ. स. १३७० च्या सुमारास फिरोजशाह तुघलकाने हा मुलूख मलिक राजाला दिला, आणि त्यातून खानदेशची फारुकी राजवट उभी राहिली. मलिक राजाचे १३९९ मध्ये निधन झाले. त्याचा मुलगा नसीर खान याने असीरगड घेतला आणि संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने बऱ्हाणपूर वसवले. तोच नसीर खान बहमनी सैन्याकडून पराभूत होऊन धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यात कोंडला गेला आणि १४३७ मध्ये त्याच विपन्न अवस्थेत वारला. त्याचे दफन थाळनेरला झाले. आज मुंबई-आग्रा महामार्गावरून जाणाऱ्या बसच्या खिडकीतून लळिंगची टेकडी दिसते, आणि थाळनेरला फारुकींच्या दगडी कबरी आहेत. ज्या घराण्याने दोनशेहून अधिक वर्षे राज्य केले, त्याची सत्ता १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती जाताच संपली.

थाळनेरनेच आणखी एक दिवस पाहिला आहे. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपच्या इंग्रज फौजेने हा किल्ला घेतला. मंदसौरच्या तहानुसार तो होळकरांकडून इंग्रजांना मिळाला होता, पण किल्लेदार तुळशीराम याने तो देण्यास नकार दिला. दरवाजात झालेल्या गोंधळात इंग्रज अधिकारी मारले गेले. त्याचा सूड म्हणून आतल्या शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिली गेली.

एखाद्या चित्रण करणाऱ्या तरुणाच्या हाती ही हकीकत पडली, तर तो त्यातून रात्री ऐकू येणाऱ्या किंकाळ्यांची गोष्ट रचील. पण हीच हकीकत वाचून राज्य कोणाचे टिकते, करार मोडण्याची आणि सूड उगवण्याची किंमत कोण मोजतो, आणि शेवटी माणसाबरोबर काय जाते, असे प्रश्न ज्याच्या मनात उभे राहतात, त्यानेच थाळनेर खऱ्या अर्थाने पाहिले असे म्हणता येईल. मेलेल्यांच्या वेदनेवर रंजन करणे आणि त्यांच्या शेवटातून शिकणे या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ शकत नाहीत.

जिन्न आहेत; मग?

येथे कोणी विचारील की, मौलाना, जिन्नांचे अस्तित्व तर कुरआननेच सांगितले आहे. होय, सांगितले आहे, आणि त्यावर आपला ईमान आहे. जिन्न ही अल्लाहची निर्मिती आहे. तेही आपल्याप्रमाणेच उपासनेसाठी निर्माण केले गेले आहेत आणि त्यांच्यातही सज्जन व दुर्जन आहेत. पण त्याच कुरआनने त्यांची मर्यादाही स्पष्ट केली आहे. हजरत सुलैमान (अ.) यांचा देहान्त झाला तरी ते काठीला टेकून उभे आहेत असे समजून जिन्न राबत राहिले. वाळवीने काठी पोखरली आणि ते खाली आले, तेव्हा कोठे त्यांना कळले. आपल्याला परोक्षाचे ज्ञान असते तर आपण या कष्टात पडून राहिलो नसतो, हे त्यांच्या ध्यानी आले (सूरह सबा, आयत १४).

या हौसेशी सर्वांत निकटचा संबंध असलेली आयत सूरह जिन्नमधील सहावी आहे. मानवांपैकी काही लोक जिन्नांपैकी काहींचा आश्रय मागत असत आणि त्यामुळे त्यांचा उद्दामपणा अधिकच वाढला, असा तिचा आशय आहे. भाष्यकार सांगतात की, इस्लामपूर्व काळातील अरब प्रवासी रात्री निर्जन खोऱ्यात मुक्काम करताना त्या खोऱ्याच्या ‘धन्या’ला हाक मारून त्याचे संरक्षण मागत. म्हणजे निर्जन जागेला एक अदृश्य मालक कल्पायचा आणि आपल्या मनातील भय त्याच्या पायाशी वाहायचे. आज कॅमेऱ्यासमोर ‘कोणी आहे का? असशील तर खूण दे’ असे म्हणणारा तरुण हे चेष्टेने म्हणत असेल, पण तो उभा आहे त्याच जुन्या वळणावर. अल्लाहखेरीज अन्य कोणाला अंधारात साद घालणे, ही मोमिनाला शोभणारी चेष्टा नव्हे.

याच्या जागी प्रेषितांनी (स.) काय दिले? हजरत खौला बिन्ते हकीम (रजि.) यांनी कथन केले आहे की, कोणत्याही ठिकाणी उतरल्यावर अल्लाहच्या परिपूर्ण वचनांच्या आश्रयाने त्याच्या निर्मितीतील अनिष्टापासून रक्षण मागणारी दुआ जो म्हणेल, त्याला ते ठिकाण सोडेपर्यंत काहीही इजा करणार नाही (मुस्लिम). काही जागांवर सैतानी उपद्रव असतो असे हदीसमध्ये आले आहे. शौचास जाण्याची जागा त्यांपैकीच एक. तेथे शिकवण कोणती? आत जाताना दुआ म्हणावी, काम आटोपावे आणि बाहेर यावे. काय दिसते ते पाहत थांबावे, असे कोठेही सांगितलेले नाही.

मृतांचे आत्मे भटकतात काय?

‘या वाड्यात अमुकाचा खून झाला, त्याचा आत्मा अजून फिरतो’ हा भुताटकीच्या बहुतेक कथांचा गाभा असतो. बऱ्हाणपूरचीच गोष्ट घ्या. १७ जून १६३१ रोजी बादशाह शाहजहानची पत्नी मुमताज महल हिचा तेथे प्रसूतीत मृत्यू झाला. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिचे तात्पुरते दफन झाले आणि वर्षअखेरीस पार्थिव आग्र्याला नेण्यात आले. तिचा आत्मा बऱ्हाणपूरच्या महालात भटकतो, अशी आख्यायिका पर्यटकांना ऐकवली जाते. पण सूरह मोमिनूनच्या ९९ व १०० या आयतींनुसार मृत्यूनंतर परत येण्याची विनंती मान्य होत नाही, आणि पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत मृतांपुढे बरजख म्हणजे एक आडपडदा असतो. प्रसूतीत प्राण गेलेल्या मोमिन स्त्रीसाठी हदीसमध्ये शहादतीची शुभवार्ता आहे. अशा स्त्रीला आपण दुआ द्यायची की तिला भूत ठरवून तिच्या नावाने अंगावर काटा आणून घ्यायचा?

अरबांमध्येही अशीच एक समजूत होती. ज्याचा खून झाला आणि ज्याचा सूड घेतला गेला नाही, त्याचा आत्मा घुबडासारखा पक्षी होऊन कबरीवर ओरडत राहतो, असे ते मानत. त्या पक्ष्याला ‘हामा’ म्हणत. हामा म्हणून काही नाही, हे प्रेषितांनी (स.) स्पष्ट शब्दांत सांगितले (बुखारी, मुस्लिम). वाळवंटात रूपे बदलून वाटसरूंना चकवणाऱ्या ‘गूल’बद्दलची समजूतही त्यांनी फेटाळली (मुस्लिम). खानदेशातील पडक्या वाड्यांत आणि गढ्यांत गव्हाणी घुबड राहते. त्याचा रात्रीचा चीत्कार एखाद्या माणसाच्या किंकाळीसारखा वाटतो. शेतातील उंदीर खाऊन शेतकऱ्याला उपकारक ठरणाऱ्या या पक्ष्याला आपल्याकडेही लोक भूत समजतात. ज्या समजुतीचे चौदाशे वर्षांपूर्वी निराकरण झाले, ती आपल्या मुलांनी पार्श्वसंगीत लावून पुन्हा घरोघर पोहोचवावी, याचे वाईट वाटते.

असीरगडाबद्दल आपल्या हिंदू बांधवांमध्ये अश्वत्थाम्याची कथा सांगितली जाते. ती त्यांच्या परंपरेचा भाग आहे आणि त्यावर भाष्य करणे हे आपले काम नाही. परंतु दुसऱ्याच्या श्रद्धेच्या ठिकाणी रात्री जाऊन ‘तो दिसतो का पाहू’ म्हणून चित्रण करणे हा त्या श्रद्धेचा उपमर्द ठरू शकतो, हे आपल्या मुलांना समजले पाहिजे.

ऐकीव गोष्टींची किंमत

भानगढच्या किल्ल्यासमोर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचा एक फलक आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी प्रवेशास मनाई, असे त्यावर लिहिले आहे. ‘सरकारनेसुद्धा भुताटकी मान्य केली’ असे म्हणून त्याचे छायाचित्र सर्वत्र फिरते. वस्तुस्थिती अशी की, संरक्षित स्मारकांसंबंधीच्या १९५९ च्या नियमांनुसार, ज्या स्मारकांसाठी वेगळी वेळ ठरवलेली नाही ती सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच खुली असतात. म्हणजे देशातील असंख्य स्मारकांना लागू असलेला साधा नियम एका ठिकाणी भुताचा दाखला बनला. ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका (सूरह बनी इस्राईल, आयत ३६) आणि आलेल्या बातमीची शहानिशा करा (सूरह हुजुरात, आयत ६), या आज्ञा अशाच वेळी उपयोगी पडतात. ऐकले ते सगळे सांगत सुटणे, एवढेही माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, असा हदीसचा आशय आहे (मुस्लिम).

एका भुताच्या गोष्टीने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे काय घडले, ते खानदेश विसरलेला नाही. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवरून पसरल्या होत्या. भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. ती अफवा भुताची नव्हती, हे मान्य. पण घाबरलेले गाव अनोळखी माणसाकडे कसे पाहते, ते त्या दिवशी दिसले. सातपुड्याच्या पाड्यांवर ‘डाकीण’ ठरवून स्त्रियांचा छळ होतो, त्याचे मूळही अशाच भयात असते. भय पसरवणे हा ज्याला खेळ वाटतो, त्याने त्या भयाचा शेवट कोणाच्या दारात होतो याचाही विचार करावा. भुताची भीती घालून लोकांत घबराट निर्माण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हाही आहे.

जीव ही अमानत आहे

आता दुनियेच्या बाजूने पाहू. रात्री निर्जन जागी जाणाऱ्याला खरा धोका कशाचा असतो? मण्यार हा विषारी साप रात्रीच संचार करतो आणि त्याचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. पडक्या गढीला कठडा नसतो आणि जुन्या बारवेच्या पायऱ्या निसटलेल्या असतात. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने अनेकांचे बळी घेतले होते, ही आपल्याच जिल्ह्याची आठवण आहे. आपल्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, असे कुरआन सांगतो (सूरह बकरा, आयत १९५). कठडा नसलेल्या गच्चीवर झोपणाऱ्याच्या रक्षणाची जबाबदारी उरत नाही, असे हदीसमध्ये आले आहे (अबू दाऊद). एकट्याने प्रवास करण्यात काय आहे हे लोकांना कळले तर कोणी स्वार रात्री एकटा निघणार नाही, असेही प्रेषितांनी (स.) सांगितले आहे (बुखारी).

दुसऱ्यांच्या हक्कांचाही प्रश्न आहे. ओस वाड्यालाही मालक असतो आणि परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरण्यास कुरआनने मनाई केली आहे. सूरह नूरने रिकाम्या घरांबाबत जी सवलत दिली आहे, ती ज्या वास्तूत आपले काही रास्त काम असते, जसे प्रवाशांची सराई, तिच्यापुरती आहे. कब्रस्तान हे तर आखिरतची आठवण करून देणारे स्थान. कबरीवर बसण्यापेक्षा कपडे जाळून कातडीपर्यंत पोहोचणाऱ्या निखाऱ्यावर बसणे बरे, इतक्या कठोर शब्दांत हदीसने मृतांचा मान राखला आहे (मुस्लिम). आणि स्मशानाचे काय? एका यहुदी माणसाची अंत्ययात्रा जात असता प्रेषित (स.) उभे राहिले. ती यहुदीची आहे असे सांगितल्यावर, तोही एक जीव नव्हता काय, असे त्यांनी विचारले (बुखारी, मुस्लिम). डुमसच्या कथेमागे तेथील जुन्या स्मशानभूमीचाच हवाला दिला जातो. दुसऱ्या धर्माच्या बांधवांनी जेथे आपल्या माणसाला निरोप दिला, तेथे आपल्या मुलाने हसत चित्रण करावे, हे या सुन्नतच्या विरुद्ध आहे. शिवाय अशा एका चित्रफितीमुळे गावातील सलोखा बिघडण्यास वेळ लागत नाही.

या सफरींत मित्राला घाबरवण्याची गंमतही असते. सहाबांच्या एका प्रवासात झोपलेल्या साथीदाराची दोरी कोणीतरी उचलली आणि तो दचकून उठला. तेव्हा मुसलमानाने मुसलमानाला घाबरवणे वैध नाही, असे प्रेषितांनी (स.) बजावले (अबू दाऊद). एका दोरीची ही गोष्ट. मग पांढरी चादर ओढून अंधारात उभे राहण्याबद्दल वेगळे काय सांगावे?

भय ही इबादत आहे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. भय ही माणसाला अल्लाहने दिलेली मोठी शक्ती आहे. प्रेम, आशा आणि भय यांवर इबादत उभी असते. सूरह आले इम्रानच्या १७५ व्या आयतीत सांगितले आहे की, सैतान तुम्हाला आपल्या साथीदारांचे भय घालतो. तुम्ही मोमिन असाल तर त्यांचे नव्हे, माझे भय बाळगा.

भुताटकीच्या स्थळांची हौस या शक्तीचे दोन्ही बाजूंनी नुकसान करते. ज्याला खरोखर भीती वाटते, त्याच्या मनात अल्लाहखेरीज दुसरी सत्ता घर करते. तो रात्री दिवा मालवू शकत नाही, आणि हळूहळू भगताच्या किंवा भोंदू बाबाच्या दारी पोहोचतो. भविष्य व गुप्त गोष्टी सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणाऱ्याची चाळीस रात्रींची नमाज स्वीकारली जात नाही, हे हदीस सांगते (मुस्लिम). ज्याला भीती वाटत नाही, त्याचेही नुकसान आहे. तो भयाला चव म्हणून चाखतो. पहिल्या रात्री मिळालेला थरार दहाव्या रात्री मिळत नाही, म्हणून त्याला आणखी भयाण जागा हवी असते. अशा मनाला कबरीचा, हिशेबाच्या दिवसाचा, पुलसिरातचा उल्लेख ऐकूनही काही वाटेनासे होते. भयाचे दृश्य म्हणजे करमणूक, ही सवय त्याला लागलेली असते. रात्री दोन वाजता गढीवरून परतलेल्याची फज्र जाते आणि त्याचे त्याला भय वाटत नाही, ही तर उघड दिसणारी निशाणी.

अंधश्रद्धा खोटी ठरवायला जातो, असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावे की, त्यासाठी मध्यरात्र आणि कापरा आवाज कशाला हवा? दिवसा जा, छताची लाकडे, घुबडाचे घरटे, वाऱ्याने वाजणारे दार दाखवा. भूत नव्हते असे सांगून संपणारी चित्रफीत करा. ते खरोखर उपयोगी काम होईल.

पालकांनी काय करावे?

केवळ ‘हराम आहे’ असे ओरडून प्रश्न सुटत नाही. मुलाची जिज्ञासा खरी आहे. तिला योग्य वाट द्यावी लागते.

१. मुलांना दिवसाउजेडी स्वतः घेऊन जा. थाळनेरच्या कबरी, लळिंगचा किल्ला, एरंडोल तालुक्यातील फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्याची कारागिरी, बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतील अरबी आणि संस्कृत असे दोन्ही शिलालेख, हे सारे एका दिवसाच्या सफरीचे विषय आहेत. तेथे त्यांना इतिहास सांगा, कबरीतल्यांसाठी दुआ करा, आणि आपणही एक दिवस असेच असू हे शांतपणे बोला.

२. संध्याकाळ झाली की लहान मुलांना घरात घ्यावे व दारे अल्लाहचे नाव घेऊन लावावीत, ही सुन्नत घरात चालू ठेवा. झोपताना आयतुल कुर्सी आणि शेवटच्या दोन सूरह म्हणण्याची सवय लावा. ही भित्रेपणाची तयारी नसून निर्भय झोपेची आहे.

३. दादी-नानींनी सांगितलेल्या चुडैलीच्या गोष्टींनी मुलांना गप्प करू नका. आज ‘भूत येईल’ म्हणून जेवणारे मूल उद्या भूत पाहायला जाते.

४. अशा सफरीनंतर कोणाची झोप उडाली, छातीत धडधड होऊ लागली, भास होऊ लागले, तर त्याला मारहाण करणाऱ्या मांत्रिकाकडे नेऊ नका. कुरआन पठण करा आणि त्याचबरोबर डॉक्टरकडे न्या. औषधोपचार करा, ही प्रेषितांची (स.) आज्ञा आहे. मानसिक आरोग्यासाठी शासनाची टेली मानस ही १४४१६ क्रमांकाची निःशुल्क दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे.

५. मुलगा अशा चित्रफिती करत असेल तर त्याला चारचौघांत लाजवू नका. त्याच्याजवळ बसून त्या पहा आणि यातले तू स्वतः काय पाहिलेस, काय केवळ ऐकलेस, असे विचारा. या एका प्रश्नाने तो विचार करू लागेल.

वाचकहो, खानदेशच्या मातीत ओस विहिरी आणि रिकामे महाल पुष्कळ आहेत. त्यांच्यामध्ये राहणारे गेले आणि आपणही जाणार आहोत, एवढेच ते सांगतात. ते ऐकण्यासाठी अंधाराची गरज नाही, जागे हृदय पुरेसे आहे.

अल्लाह आपल्याला पाहणारे हृदय देवो, आपल्या मुलांच्या मनातील भय केवळ आपल्या ठायी राखो, आणि आपल्या मृतांवर कृपा करो. आमीन.